एका दिवसाचा हिशेब

आपल्या मंडळ्यांतून फिरतांना एक गाऱ्हाणें आमच्या कानीं वारंवार येतें. "करावयाचें पुष्कळ आहे, पण वेळ मिळत नाहीं," असें शेतकरी म्हणतो, शिक्षक म्हणतो आणि उपदेशकही म्हणतो. घरांतील बाई तें फारसें बोलून दाखवीत नाहीं. कारण तें बोलण्यापुरताही वेळ तिला नसतो. परंतु दिवे लागल्यावर पारावर बसून आपण सकाळपासूनच्या तासांचा जमाखर्च मांडूं लागलों, तर पुष्कळांस असें आढळेल कीं, दिवस आळसांत गेला नाहीं आणि कामींही लागला नाहीं. तो नुसता सरला. थोडा वेळ दुसऱ्याच्या भांडणांत गेला, थोडा एसटीची वाट पाहण्यांत गेला, थोडा मोबाइलावर आलेले निरोप वाचण्यांत गेला, आणि जें एक काम मनांत होतें तें उद्यांवर गेलें.

पैशाच्या बाबतींत आपण असे गाफील नसतों. दूध घातलें कीं डेअरीच्या पुस्तकांत लिटर व फॅट लिहून घेतों. बचत गटाच्या वहींत दर महिन्याचा हप्ता मांडतों. वेळाची वही मात्र बहुधा कोणाच्या घरीं नसते. म्हणून ह्या पाठांत आम्ही दोनशें वर्षांहून अधिक जुनी अशी एक वही आपणांपुढें उघडीत आहों. ती एका मनुष्याच्या एका दिवसाची आहे. वेळ कसा नेमावा हें तिजवरून शिकावयाचें आहे. आणि त्या वहींत काय लिहिलेलें नाहीं, तेंही पाहावयाचें आहे. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

१. तो मनुष्य कोण?

विल्यम केरी ह्यांचा जन्म १७६१ सालीं इंग्लंडांतील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्याच्या एका खेड्यांत झाला. त्यांचे वडील आधीं विणकर होते व पुढें गांवच्या शाळेचे पंतोजी झाले. केरी जोडे शिवण्याचें काम शिकले, व पुष्कळ वर्षें त्यावर त्यांचा निर्वाह चालला. त्याच काळांत त्यांनीं लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच व फ्रेंच ह्या भाषांचा अभ्यास केला. १७९३ सालच्या नोव्हेंबरांत ते बायकोमुलांसह बंगाल्यांत उतरले. कांहीं वर्षें निळीच्या कारखान्यावर नोकरी करून १८०० सालच्या जानेवारींत ते श्रीरामपूर येथें राहावयास गेले. हें आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील श्रीरामपूर नव्हे. हें हुगळी नदीच्या कांठीं, कलकत्त्याहून जवळ आहे, व त्या वेळीं तें डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यांत होतें. तेथें जोशुआ मार्शमन, त्यांची पत्नी हॅना मार्शमन व विल्यम वॉर्ड ह्या सोबत्यांसह त्यांनीं शाळा व छापखाना चालविला.

१८०१ पासून केरीसाहेब कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगाली शिकवूं लागले. पुढें संस्कृत व मराठी ह्या भाषाही त्यांच्याकडे आल्या. म्हणून कॉलेजचे दिवस ते कलकत्त्यांत काढीत व उरलेले श्रीरामपुरास. मराठी भाषा त्यांनीं महाराष्ट्रांत राहून शिकली नाहीं. नागपूरकडील पंडित वैजनाथ शर्मा कॉलेजांत होते, त्यांच्या साहाय्यानें हें काम झालें. मराठीचें व्याकरण १८०५ सालीं छापलें, मोडी अक्षरांतील मराठी कोश १८१० सालीं आणि मराठी नवा करार १८११ सालीं. छापील मराठी पुस्तकांच्या अगदीं आरंभीच्या पुस्तकांपैकीं हीं आहेत. इतकीं कामें ज्या दिवसांतून निघालीं, त्यांपैकीं एक दिवस आपण आतां पाहूं.

२. १२ जून १८०६

त्या दिवशीं गुरुवार होता. इंग्लंडांतील एका मित्रास आपण वेळेवर पत्रें कां लिहीत नाहीं, ह्याचा खुलासा करावा म्हणून केरीसाहेबांनीं रात्रीं आपला सगळा दिवस पत्रांत लिहून काढिला. त्याचा सारांश आम्ही आमच्या शब्दांत देतों.

पावणेसहास ते उठले. हिब्रू पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचून सातपर्यंतचा वेळ त्यांनीं एकांतांत प्रार्थनेंत घालविला. मग घरच्या नोकरमाणसांसह बंगालींत कौटुंबिक उपासना झाली. चहा तयार होत होता तोंवर दाराशीं थांबलेल्या मुनशीबरोबर थोडें फारशी वाचलें. न्याहारीपूर्वीं हिंदुस्तानींतील शास्त्राचा एक भाग वाचला. न्याहारी संपतांच एक पंडित वाट पाहत होता, त्याच्याबरोबर संस्कृत रामायणाच्या भाषांतरास बसले, तें दहापर्यंत. दहास कॉलेज, तेथून दुपारीं एक व दोन ह्यांच्या दरम्यान सुटका. घरीं येऊन बंगाली यिर्मयाच्या पुस्तकाचें एक मुद्रित तपासलें. जेवण झाल्यावर कॉलेजच्या मुख्य पंडिताबरोबर मत्तयाच्या आठव्या अध्यायाचा बहुतेक भाग संस्कृतांत उतरविला. तेव्हां सहा वाजले. सहानंतर तेलुगु शिकण्यासाठीं तेलंगी पंडिताबरोबर बैठक. सातास उपदेशाचे मुद्दे जुळविले व साडेसातास उपदेश केला. सुमारें चाळीस माणसें होतीं. त्यांत सदर दिवाणी अदालतीचे एक न्यायाधीश होते. नव्या उपासनामंदिरासाठीं त्यांच्याकडून पांचशें रुपयांची वर्गणीही मिळविली. नऊपर्यंत लोक गेले. मग यहेज्केलाचा अकरावा अध्याय बंगालींत उतरविण्यास बसले, तें अकरा वाजत आले तोंपर्यंत. त्यानंतर हें पत्र. आणि निजण्यापूर्वीं ग्रीक नव्या कराराचा एक अध्याय.

शेवटीं त्यांनीं असें कळविलें कीं, कामें बदलतात, परंतु ह्याहून अधिक वेळ कोणत्याही दिवशीं आपणांस मिळत नाहीं.

३. ह्या दिवसापासून काय शिकावें?

हें वाचून कोणी म्हणेल, "असा मनुष्य विरळा, त्याचें आम्हांस काय?" परंतु केरीसाहेब स्वतःस बुद्धिमान समजत नसत. आपल्या पुतण्यास त्यांनीं सांगितलें होतें कीं, ठरलेल्या कामाला चिकटून पाऊल पुढें टाकीत राहणें हा एवढाच गुण आपल्या अंगीं आहे. बुद्धि उसनी मिळत नाहीं. ही चाल मात्र शिकतां येते. त्या दिवसाकडे नीट पाहिलें तर तिचे तीन घटक दिसतात.

पहिला घटक असा कीं, प्रत्येक तासाचें काम मापानें ठरलेलें होतें. "थोडा अभ्यास करूं" असें त्या वहींत कोठेंच नाहीं. एक अध्याय, एक मुद्रित, आठव्या अध्यायाचा बहुतेक भाग, असें तें माप आहे. मजुरास "शेतांत काम कर" असें सांगितलें तर दिवस जातो. "ह्या दोन सऱ्या खुरप" असें सांगितलें तर दोन सऱ्या होतात. मनाचेंही तसेंच आहे. ज्या कामाला बांध नाहीं, त्यांत मन भटकतें; बांध दिसला म्हणजे तें तेथवर चालत जातें.

दुसरा घटक असा कीं, बहुतेक तासांस कोणीतरी वाट पाहत होतें. सकाळीं मुनशी दाराशीं होता, न्याहारीनंतर पंडित बसलेला होता, दहास विद्यार्थी होते, सहास तेलंगी पंडित होता, साडेसातास चाळीस माणसें होतीं. एकट्यानें स्वतःला दिलेला शब्द मोडणें फार सोपें असतें. दुसरा मनुष्य ओसरीवर येऊन बसला असतां तें कठीण जातें. आपणही आपला तास दुसऱ्यास देऊन ठेविला, तर तो सुरक्षित राहतो. ज्या उपदेशकास स्वतःच्या वाचनास वेळ सांपडत नाहीं, त्यानें शेजारच्या दोन तरुणांस सांगावें कीं, "मंगळवारीं संध्याकाळीं सातास या, आपण एक अध्याय मिळून वाचूं." मग तो मंगळवार सहसा चुकत नाहीं.

तिसरा घटक असा कीं, एका कामावरून दुसऱ्या कामावर जातांना मध्यें भोंक ठेविलेलें नव्हतें. न्याहारी संपतांच पंडित, लोक जातांच यहेज्केल. आपला पुष्कळसा वेळ कामांत जात नाहीं. तो दोन कामांच्या मधल्या भोंकांतून गळतो. आज हें भोंक मोबाइलानें फार मोठें केलें आहे. निरोप पाहण्यासाठीं तो हातीं घेतला असतां एकामागून एक रील येतात, आणि मान वर करावी तों पाऊण तास गेलेला असतो. मोबाइल ही वाईट वस्तु आहे असें आम्ही म्हणत नाहीं; बाजारभाव, हवामानाचा अंदाज आणि दूर गेलेल्या मुलाचा चेहरा तिच्यामुळेंच घरीं दिसतो. परंतु दोन कामांच्या मध्यें ती हातीं घेऊं नये, एवढा एक नेम केला तरी पुष्कळ गळती बंद होते.

अशा चालीची परीक्षा संकटांत होते. १८१२ सालीं मार्चच्या ११ व्या तारखेस संध्याकाळीं श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागद, अक्षरांचे खिळे आणि अनेक वर्षांच्या परिश्रमाचीं हस्तलिखितें जळून गेलीं. केरीसाहेब त्या वेळीं कलकत्त्यांत होते. दुसऱ्या दिवशीं त्यांस ही बातमी कळली. छापण्याचीं यंत्रें वांचलीं होतीं. वितळलेल्या धातूचे पुन्हां खिळे ओतण्यांत आले, आणि भाषांतराचीं कामें पुन्हां सुरू झालीं. ज्याचें काम उत्साहाच्या लाटेवर झालेलें असतें, तो लाट ओसरल्यावर तें दुसऱ्यांदा करूं शकत नाहीं. ज्याचें काम रोजच्या मापानें झालेलें असतें, त्याला उद्यांचें माप ठाऊक असतें. तो तेथून आरंभ करितो.

४. वहींत काय नाहीं?

आतां तीच वही दुसऱ्यांदा वाचूं. पावणेसहापासून अकरापर्यंत प्रत्येक तासाचा धनी सांगितला आहे. त्यांत मुनशी आहे, पंडित आहेत, न्यायाधीश आहेत. केरीसाहेबांची पत्नी त्यांत नाहीं, आणि मुलेंही नाहींत.

डॉरोथी केरी ह्या त्या वेळीं जिवंत होत्या. ज्या देशाची भाषा त्यांस येत नव्हती, तेथें त्या प्रथम येण्यास राजी नव्हत्या. शेवटीं बहिणीला बरोबर घेऊन निघाल्या. १७९४ सालीं त्यांचा पांच वर्षांचा मुलगा पीटर तापानें वारला. त्यानंतर त्यांच्या मनाचा तोल गेला, तो पुन्हां सांवरला नाहीं. सुमारें बारा वर्षें त्यांनीं त्या अवस्थेंत काढिलीं, आणि १८०७ सालच्या डिसेंबरांत त्या मरण पावल्या. मानसिक आजारांवर आज जे उपचार आहेत ते त्या काळीं नव्हते, हें खरें. आणि पतीनें त्यांस टाकून दिलें नाहीं, हेंही खरें. परंतु दुसऱ्या खोलींत आजारी पत्नी असतां ह्या खोलींत भाषांतर चालत असे, हें त्या घराचें चित्र आहे.

मुलांविषयीं हॅना मार्शमनबाईंनीं जें नमूद केलें आहे, त्याचा आशय असा कीं, मुलें बेशिस्त होत चाललीं आहेत हें केरीसाहेबांस दिसत होतें व त्याचें दुःखही होत होतें, पण त्यांच्या सौम्य स्वभावामुळें त्यांच्या हातून परिणामकारक उपाय झाला नाहीं. त्या मुलांस वळण लावण्याचें बरेंचसें काम मार्शमनबाई व वॉर्डसाहेब ह्यांनीं केलें. मार्शमनबाईंस स्वतःचीं मुलें होतीं. त्या शाळा चालवीत, आणि त्या शाळांच्या उत्पन्नावर सगळ्या मंडळींचा खर्च बराचसा चालत असे. तेव्हां केरीसाहेबांच्या वहींत जे तास इतके नीट भरलेले दिसतात, त्यांचें मोल दुसऱ्या कोणीतरी भरीत होतें.

हें आम्ही थोर मनुष्यास कमी लेखण्यासाठीं लिहीत नाहीं. वेळाचे धडे देणारे लोक बहुधा अर्धीच वही दाखवितात, म्हणून लिहितों. पुरुषानें "मीं वेळ काढिला" असें म्हटलें कीं विचारावें, तो कोठून काढिला? तो सकाळीं तासभर पुस्तक घेऊन बसतो, तेव्हां पाणी कोण भरतें? तो रात्रीं सभेस जातो, तेव्हां म्हाताऱ्या आईला औषध कोण देतें? त्याचा तो तास त्याच्याच वेळांतून निघाला असेल तर तो त्याचा आहे. तो बायकोच्या विश्रांतींतून निघाला असेल, तर तें वेळ वांचविणें नव्हे. तें न विचारतां घेतलेलें कर्ज आहे. उपदेशकांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें. गांवांतील प्रत्येक घरच्या मुलाला पाढे शिकविणाऱ्याच्या स्वतःच्या मुलाला पाढे येत नसतील, तर तो हिशेब चुकलेला आहे.

५. एक काम कीं अनेक कामें?

त्या दिवसाच्या वहींत आणखी एक गोष्ट मोजण्याजोगी आहे. हिब्रू, बंगाली, फारशी, हिंदुस्तानी, संस्कृत, तेलुगु व ग्रीक अशा सात भाषा एका दिवसांत येऊन गेल्या, मातृभाषा वेगळीच. श्रीरामपुराहून शास्त्राचे भाग तीसांहून अधिक भाषांत निघाले. इतक्या भाषांच्या वाटणींत मराठीच्या वांट्यास काय आलें?

मुंबईस १८१३ सालीं आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांस श्रीरामपूरचें मराठी भाषांतर पुरेसें वाटलें नाहीं. येथील लोकांत राहून त्यांनीं नवें भाषांतर केलें, व १८२६ सालीं नवा करार छापला. कोशाचेंही तसेंच झालें. कंपनी सरकारच्या फौजेंतील अधिकारी जेम्स टॉमस मोल्सवर्थ ह्यांनीं टॉमस व जॉर्ज कँडी ह्या बंधूंच्या व अनेक शास्त्रीपंडितांच्या साहाय्यानें मराठीचा कोश रचला. तो १८३१ सालीं निघाला. आणि पुन्हां कसून तपासलेली व वाढविलेली त्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. एकाच भाषेचा एकच कोश, आणि दोन आवृत्तींच्या मध्यें सव्वीस वर्षें! केरीसाहेबांचा कोश आज इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज कोणी उघडीत नाहीं. मोल्सवर्थसाहेबांचा कोश आजही छापील रूपांत व संगणकावर पाहिला जातो. जुन्या शब्दाचा अर्थ अडला म्हणजे जाणते लोक तिकडेच जातात.

न्यायानें बोलावयाचें तर कारण एकच नाहीं. केरीसाहेबांस मराठी मुलुख दूर होता, आणि जेथें वाट नव्हती तेथें त्यांनीं ती पाडिली. मागून येणाऱ्यांस ती आयती मिळाली. सरकारचा आश्रयही मोल्सवर्थांस होता. तरी आपल्या लोकांत "एक ना धड, भाराभर चिंध्या" अशी जी म्हण आहे, तिचा धाक मेहनती माणसासही असावा. आळशी मनुष्य वेळ घालवितो हें सर्वांस दिसतें. उद्योगी मनुष्य वेळ इतक्या ठिकाणीं वाटतो कीं, कोठेंच मुळें खोल जात नाहींत, हें त्यालाही दिसत नाहीं. कारण तो दिवसभर घामाघूम असतो.

६. आपल्या घरीं हें कसें व्हावें?

कोणी म्हणेल, "केरीसाहेबांस नोकर होते, घड्याळ होतें, कॉलेजचा पगार होता. आमच्या विजेची पाळी ह्या आठवड्यांत रात्रींची, पुढच्या आठवड्यांत दिवसाची. मोटार चालू करावयास अंधारांत शेतावर जावें लागतें. आमचा तास आमच्या हातीं कोठें आहे?" ही अडचण खरी आहे. तिला उत्तर म्हणून आम्ही केडगांवच्या पंडिता रमाबाईंकडे बोट दाखवितों. दुष्काळांतून आणलेल्या शेंकडों मुलींचें व बायकांचें अन्न, वस्त्र, शिक्षण व आजारपण त्यांच्या माथीं होतें; त्याहून अधिक मोडलेला दिवस कोणाचा असेल? त्यांनींही शास्त्राचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. भाषा एकच, पुस्तक एकच, आणि हेतु असा कीं, खेड्यांतील अल्पशिक्षित बाईलाही तें कळावें. त्यासाठीं उतारवयांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला. पंधरा वर्षांहून अधिक काळ तें काम चाललें. १९२२ सालीं एप्रिलच्या ५ व्या तारखेस त्या वारल्या, तेव्हां काम पुरें होत आलें होतें. आणि मुक्तिसदनांतील स्त्रियांनीं छापलेलें तें पुस्तक १९२४ सालीं बाहेर पडलें.

शेतकऱ्यास वेळाचें एक ज्ञान उपजतच असतें, तें घड्याळाचें नव्हे. पाऊस पडल्यावर वाफसा केव्हां येतो हें त्याला कळतें. वाफसा आला म्हणजे तो लग्नाचें आमंत्रणही मागें ठेवितो व पाभर जुंपतो, कारण वाफसा गेला कीं ती पेरणी गेली. तेंच ज्ञान घरांत आणावें. मुलाचें वय सात ते दहा हा वाचनाचा वाफसा आहे. म्हातारा बाप अजून बोलतो आहे, हा त्याच्याजवळ बसण्याचा वाफसा आहे. हे वाफसे कोणत्याही पंचांगांत छापलेले नसतात. आणि गेल्यावर मागें येत नाहींत.

म्हणून आम्ही सुचवितों तें असें:

पहिलें, वर्षासाठीं एकच काम निवडावें. शेती, घर व सेवा हीं तर आहेतच, त्यांखेरीज एक. मुलाचें वाचन, स्वतःचा शास्त्राभ्यास, एका निरक्षर शेजाऱ्यास सही व वाचन शिकविणें, ह्यांपैकीं कोणतेंही एक. दोन निवडूं नयेत.

दुसरें, त्याचें माप ठरवावें. नव्या करारांत २६० अध्याय आहेत. आठवड्यांतून पांच दिवस एक एक अध्याय घेतला, तर बरोबर ५२ आठवड्यांत तो पुरा होतो, आणि दर आठवड्यास दोन दिवस पाहुण्यांसाठीं व चुकल्यामाकल्यासाठीं उरतात. आठवड्यांतून सहा दिवस रोज अर्धा तास म्हणजे वर्षाचे १५६ तास होतात. इतक्या तासांत निरक्षर मनुष्य बरेंचसें वाचूं लागतो.

तिसरें, तास घड्याळाला न बांधतां रोजच्या एखाद्या कामाला बांधावा. "रात्रीं आठास" असें म्हटलें तर वीज जाते, पाहुणा येतो. "डेअरीवर दूध घालून आल्यावर, जेवणाआधीं" असें म्हटलें तर तो तास दुधामागून आपोआप येतो.

चौथें, त्या तासाला कोणीतरी वाट पाहणारा असावा. मुलगा, शेजारी, किंवा स्वतःची पत्नी.

पांचवें, वेळाच्या वहीला दोन रकाने असावेत. एकांत नवऱ्याचे तास, दुसऱ्यांत बायकोचे. आठवड्याच्या शेवटीं दोघांनीं मिळून ती पाहावी. आपल्या रकान्यांत वाढ आणि तिच्या रकान्यांत तूट दिसली, तर आधीं घागर उचलावी, मग पुस्तक.

सहावें, विश्रांतीलाही जागा असावी. केरीसाहेबांनीं श्रीरामपुरास मोठी बाग केली होती, आणि झाडें ही त्यांची आवड होती. १८२० सालीं हिंदुस्थानांत शेती व बागाईतीची सुधारणा करण्यासाठीं त्यांनीं एक मंडळीही स्थापिली. १८३४ सालीं जूनच्या ९ व्या तारखेस ते वारले, तेव्हां त्यांचें वय बहात्तर होतें. इतकी वर्षें जो कामाला जुंपलेला राहिला, त्याला झाडांजवळ जाऊन उभें राहण्यास वेळ होता. बैलही दुपारीं सोडावा लागतो.

विचारासाठीं प्रश्न

(१) काल सकाळपासून रात्रींपर्यंत आपला वेळ कोठें गेला? आठवून तास तास लिहा. जो तास आठवत नाहीं, तेथें रिकामी जागा ठेवा. अशा जागा किती झाल्या तें मोजा.

(२) केरीसाहेबांच्या दिवसांत वाट पाहणारीं माणसें कोण कोण होतीं? आपल्या दिवसांत तशीं कोण आहेत?

(३) आपल्या कामासाठीं आपल्या घरांतील कोणाचा वेळ खर्च होतो? त्या व्यक्तीस आपण कधीं विचारलें आहे काय?

(४) आपल्या घरांत ह्या वर्षीं कोणता वाफसा आला आहे?

(५) ज्या कामांस आपण आज हो म्हणत आहों, त्यांपैकीं कोणतें एक सोडलें असतां दुसरें खोल जाईल?

उपदेशकांनीं हा पाठ मंडळींत घेतांना स्त्रियांस प्रथम बोलूं द्यावें, आणि तिसऱ्या प्रश्नास सर्वांत अधिक वेळ द्यावा. पुढील आठवड्यांत प्रत्येक घरीं एक जुनी वही घेऊन सात दिवस दोन्ही रकाने लिहावेत. मुलगी शाळेंत जात असेल तर लिहिण्याचें काम तिलाच द्यावें.